शंका-समाधान : ओपन सोर्सवाला दिवसभर करतो काय?

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघू, वापरू आणि बदलू शकतं अशा, सॉफ्टवेअरबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देतो आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

माझा मुलगा पुण्यात चांगल्या कंपनीत होता. ती नोकरी सोडून घरी आला. ओपन सोर्सचं काम करतो म्हणतो. दिवसभर संगणकापुढे असतो, पण कोड लिहिताना फारसा दिसत नाही. नुसता वाचत बसतो, नाहीतर कुणाला तरी इंग्रजीत लिहीत असतो. जे बनवतो ते म्हणे कुणीही फुकट घेऊ शकतं. शेजारी म्हणतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. पैसे येतात, पण कुठून येतात आणि किती दिवस येतील, ते कळत नाही. — एक आई, सातारा

ताई, तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. या कामात बहुतेक दिवस वाचण्यात आणि उत्तरं देण्यातच जातो. आपली रात्र म्हणजे अमेरिकेचा दिवस, त्यामुळे सकाळी संगणक उघडला की रात्रभरात आलेल्या तक्रारी समोर असतात. कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘नवी आवृत्ती घेतली आणि प्रोग्रॅम बंद पडला.’ एवढंच. कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, काय करताना बंद पडला, काही नाही. मग त्याला विचारायचं, त्याच्या उत्तराची वाट पाहायची आणि आपल्या यंत्रावर तीच चूक घडवून बघायची. घडली तर अर्धी लढाई जिंकली. नाही घडली तर पुन्हा विचारायचं, आणि तेही समोरच्याला आपण खोटं ठरवतोय असं वाटू न देता.

दुसऱ्या कुणी कोडमध्ये बदल सुचवलेला असतो. त्यातली ओळ न् ओळ वाचावी लागते, कारण बदल एकदा आत घेतला की तो सुचवणारा आपल्या वाटेने जातो आणि पुढची कित्येक वर्षं तो सांभाळायचं काम तुमच्या मुलासारख्या माणसाकडे येतं. त्याला या धंद्यात मेंटेनर म्हणतात. चांगला मेंटेनर आठवड्यात स्वतः फार थोड्या नव्या ओळी लिहितो. जुना, अडगळीचा कोड काढून टाकता आला तर तो दिवस सार्थकी लागला असं त्याला वाटतं, आणि ते खरंही असतं.

आता पैशांचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने हौसेखातर केली. आज लिनक्सच्या गाभ्यात होणारे बहुतांश बदल पगारी माणसं करतात. त्यांचे पगार इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्या देतात, कारण त्यांचा व्यवसायच त्यावर उभा आहे. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट हे हिशेबापासून गोदामापर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली देते आणि ते चालवून देण्याचे, अडलं-नडलं बघण्याचे पैसे घेते. जर्मनीच्या सरकारने तर २०२२ साली अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक पैसा द्यायला सुरुवात केली. ओपन सोर्सचा कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळावर २०१९ पासून एखाद्या डेव्हलपरला थेट दरमहा वर्गणी देण्याची सोय आहे, पण निव्वळ तेवढ्यावर घर चालवणारे फार थोडे.

तेव्हा मुलाला एवढंच विचारा की येणारे पैसे पगार म्हणून येतात की कंत्राटावर, आणि कंत्राट असेल तर किती महिन्यांचं. कंत्राटी कामात सहसा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य विमा आपला आपण काढायचा. तो त्याने काढलाय का आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलाय का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाकी, शेजाऱ्यांच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. त्या भाकऱ्यांतला वाटा त्यांनाही रोज मिळतो आहे.

मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक व्हिडिओ बघून मी एका मोठ्या प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घेण्याची विनंती, पाठवली. प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमधली दोन वाक्यं सुधारली होती. त्यांनी काही न सांगता ती बंद केली आणि वर ‘स्पॅम’ असं लेबल लावलं. फार वाईट वाटलं. प्लेसमेंटसाठी गिटहबवर काहीतरी दिसलं पाहिजे असं सगळे सांगतात. आमच्यासारख्या कॉलेजातल्या मुलांना इथे जागा आहे का?

जागा आहे. तुला वाईट वाटणं साहजिक आहे, पण त्या लेबलामागे काय आहे ते समजून घे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो जणांनी असे एक-दोन शब्दांचे बदल पाठवले. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनीच तसं जाहीर करावं, असं करावं लागलं. पुढे एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या नामांकित प्रकल्पातही असंच झालं. पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची हे दाखवणाऱ्या आपल्याकडच्याच एका व्हिडिओमुळे रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या विनंत्यांचा पूर आला. तुझी विनंती उघडणारा माणूस त्या दिवशी बहुधा अशीच विसावी विनंती बंद करत होता. त्याने दोन शब्द लिहायला हवे होते, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आता खरं काम कसं दिसतं, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण ते तुझ्या हातात आहे आणि ब्राझीलमधल्या किंवा पोलंडमधल्या हुशार मुलाच्या हातात नाही. समज, तू ग्रंथालयाचं किंवा दवाखान्याचं एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवून बघतोयस. त्यात कामत, कावळे, काशीकर, कासार आणि काळे ही पाच आडनावं भर आणि यादी अकारविल्हे लाव. अनेक सॉफ्टवेअरमध्ये काळे हे कामत आणि कावळे यांच्या मधे येऊन बसतील. आपल्या वर्णमालेत ळ हा ह-च्या नंतर येतो, त्यामुळे काळे सर्वांत शेवटी यायला हवेत. असं होतं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण क्रमांकयादीत, ळ-चा क्रमांक ल-च्या लगेच पुढे आहे, व-च्या आधी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नावांची तुलना नुसत्या क्रमांकांवरून केली की ही चूक होते. लांबलचक मतदारयादीत किंवा रुग्णांच्या नोंदीत याच चुकीपायी माणूस ‘सापडत नाही’.

यावरचा उपाय जुना आणि तयार आहे. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात भाषावार क्रमाचे नियम आहेत, मराठीचेही आहेत, आणि आयसीयू या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून, ते वापरता येतात. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला तुलना करताना भाषा मराठी आहे एवढं सांगितलं तरी पुरतं. म्हणजे कोडमधला बदल कदाचित दोन-तीन ओळींचा. पण काम तेवढंच नाही. आधी इश्यू उघड, म्हणजे चुकीची नोंद कर: काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. त्यात ती पाच आडनावं दोन्ही क्रमांनी लिही. ज्याने आयुष्यात ळ पाहिलेला नाही त्यालाही चूक डोळ्यांनी दिसली पाहिजे. मग बदल कर आणि त्यासोबत हीच पाच नावं घेऊन एक चाचणी लिही, म्हणजे उद्या कुणी तो भाग पुन्हा लिहिला तरी चूक परत शिरली की चाचणी लाल होईल. बदल नोंदवताना कमिटच्या संदेशात ‘बग फिक्स’ असं लिहू नकोस, कारण लिही. काय बदललं ते कोडमध्ये दिसतं, का बदललं ते फक्त तुला माहीत असतं.

रिव्ह्यू करणारा विचारेल की हिंदी वापरणाऱ्यांचं काय होईल, मोठ्या यादीवर वेग किती कमी होईल. हे प्रश्न म्हणजे तुझा अपमान नव्हे. उत्तर माहीत नसेल तर ‘मोजून सांगतो’ असं लिही आणि खरंच मोजून सांग. आठवडाभर काही आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण कर. रोज करू नकोस. इंग्रजी साधं आणि लहान वाक्यांचं असलं तरी चालतं. एआयकडून लिहून घेतलेलं लांबलचक निवेदन मात्र पाठवू नकोस. ते ओळखू येतं आणि वाचणाऱ्याचा सगळा विश्वास पहिल्याच परिच्छेदात उडतो.

असा एक बदल आत गेला की मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येईल. रीडमीतल्या पन्नास सुधारणांवर दोन मिनिटंही बोलता येणार नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून ते केवळ विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. त्यासाठी अर्ज करायचा तर प्रकल्पाशी ओळख काही महिने आधीपासून हवी. मुदतीच्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही.

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. शनिवार-रविवारी ओपन सोर्समध्ये काम करायची इच्छा आहे. पण नेमणूकपत्रात ‘नोकरीच्या काळात केलेली सर्व निर्मिती कंपनीची’ असं कलम आहे. कुणाला कळणार आहे, असं मित्र म्हणतात.

मित्रांचं ऐकू नका. ओपन सोर्समधलं सगळं काम तारीख-वेळेसह, नावासह, कायमचं उघड असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. सुट्टीत, स्वतःच्या यंत्रावर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं काही केलं तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. पण तुमच्या करारातलं कलम त्याहून रुंद आहे, म्हणून लेखी परवानगी घ्या. प्रकल्पाचं नाव, परवाना आणि कामाचं स्वरूप एवढं लिहून ईमेल करा. बऱ्याच कंपन्यांत यासाठी ठरलेली पद्धत असते आणि होकारही मिळतो.

ही फक्त तुमच्या बचावाची बाब नाही. लिनक्समध्ये पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, सही करण्याची प्रथा २००४ साली आली ती मालकीच्या कोर्टकज्ज्यांमुळेच. ती सही म्हणजे ‘हे द्यायचा मला अधिकार आहे’ अशी ग्वाही. ती तुम्ही खोटी दिलीत तर तुमच्यामुळे सगळा प्रकल्प अडचणीत येईल. कंपनीचा लॅपटॉप यासाठी उघडूच नका.

मडगावला माझं औषधांचं दुकान आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारा सांगतो की आत बरंच ओपन सोर्स आहे, म्हणून सुरक्षित. जे सगळ्या जगाला उघडं दिसतं ते सुरक्षित कसं?

नुसतं उघडं असणं म्हणजे सुरक्षा नव्हे. कुणीतरी खरोखर वाचत असेल तरच ती येते. वेबसाइटशी होणारं संभाषण गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी जगभर वापरात होती, तरी तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या जेमतेम २,००० डॉलर. २०१२ मध्ये बाहेर पडलेल्या तिच्या आवृत्तीत एक चूक राहिली आणि जवळपास दोन वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नाही. एप्रिल २०१४ मध्ये ती जाहीर झाली. तिलाच हार्टब्लीड म्हणतात. ती सापडली तेव्हा दुरुस्ती मात्र लगेच आणि सगळ्यांच्या देखत झाली. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक आहे की नाही आणि असली तर नीट दुरुस्त झाली की नाही, हे गिऱ्हाइकाला तपासताच येत नाही.

विक्रेत्याला विचारा की आत कोणकोणते ओपन सोर्स भाग आहेत, त्यांची यादी द्या. आणि त्यातल्या एखाद्यात धोका जाहीर झाला तर माझ्याकडे दुरुस्ती किती दिवसांत येईल, ते सांगा. यादी देता आली नाही तर दुसरा विक्रेता बघा.

मी एक छोटी लायब्ररी लिहिली होती. ती आता बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. एक पैसा मिळत नाही. रात्री ‘अजून दुरुस्त का नाही, जमत नसेल तर सोडून द्या’ असे संदेश येतात. घरी आजारी वडील आहेत. नुकताच एक अनोळखी माणूस चांगले पॅच पाठवू लागलाय आणि म्हणतोय, सगळा भार मी घेतो. देऊन टाकू का? — एक वाचक, नाशिक

थांबा. आज काही देऊ नका. तुमच्या पत्रातल्या बहुतेक गोष्टी एकदा अशाच घडल्या आहेत.

एक्सझेड ही फाइल आकुंचित करणारी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. फिनलंडचे लासे कॉलिन ती बरीच वर्षं एकटे, विनामोबदला सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीपासून जिया तान या नावाने कुणीतरी चांगले पॅच पाठवू लागलं. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावांनी तक्रारी सुरू झाल्या की काम फार संथ आहे, नवा मेंटेनर आणा. मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हा छंद म्हणून चालवलेला प्रकल्प आहे, असं कॉलिन यांनी उघडपणे लिहिलं होतं. तरी दबाव चालूच राहिला. हळूहळू जिया तानला अधिकार मिळाले, पुढे आवृत्त्या काढण्याचं कामही त्याच्याकडे गेलं. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सर्व्हरचं मागचं दार उघडणारा कोड होता. चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या वाटाव्यात अशा फाइलींत तो दडवला होता. तो जागा करणारा तुकडा तर फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता, सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात, म्हणजे रेपॉझिटरीत, नव्हताच.

ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. वेग मोजताना त्यांना दिसलं की दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसरवर विनाकारण ताण येतोय. त्यांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं जाहीर केलं. जिया तान या नावामागे कोण होतं, ते आजवर उघड झालेलं नाही. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या इव्हेंट-स्ट्रीम या लायब्ररीचंही तसंच झालं. थकलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला किल्ल्या दिल्या आणि त्याने बिटकॉइनची पाकिटं लुटणारा कोड आत सरकवला.

तुमच्याकडे आलेला माणूस तसाच असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक मदत करणारे प्रामाणिकच असतात. पण प्रामाणिक माणसाला घाई नसते. त्याला पॅच पाठवू द्या, इतरांचे इश्यू तपासू द्या, इतर प्रकल्पांत त्याची जुनी ओळख आहे का बघा, व्हिडिओवर बोला. पुढे कधी अधिकार दिलेत तरी एकट्याला देऊ नका. आवृत्ती बाहेर काढायला दोन जणांची संमती लागेल अशी रचना करा. खात्यांना टू-फॅक्टर, म्हणजे दुहेरी ओळख-पडताळणी, लावा.

आणि तुमच्या स्वतःबद्दल. परवाना काढून वाचा. एमआयटी असो, अपाची असो की जीपीएल, प्रत्येकात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे सॉफ्टवेअर आहे तसं, कोणत्याही हमीशिवाय दिलं आहे. रात्री उत्तर द्यायला तुम्ही कुणाचे बांधील नाही. आज रीडमीच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘घरच्या अडचणीमुळे पुढचे काही महिने फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतील.’ फोनवरच्या सूचना बंद करा. उद्धट माणसाला एकदा नियम दाखवा, दुसऱ्यांदा ब्लॉक करा. तुमची लायब्ररी वापरणाऱ्या कंपन्यांना पैसे मागा. कसे द्यायचे, बिल कोणत्या नावाने लागेल, हे नीट लिहून मागितलं तर काही देतात. न मागता सहसा कुणी देत नाही. आणि अगदीच झेपत नसेल तर रेपॉझिटरी ‘आर्काइव्ह’ करा. कोड सगळ्यांना दिसत राहील, ज्याला गरज आहे तो स्वतःच्या नावाने त्याची शाखा काढेल. त्यात काही कमीपणा नाही. वडिलांकडे बघा.

मी कणकवलीचा निवृत्त मराठीचा शिक्षक. कोडिंग येत नाही. माझा काही उपयोग होईल का?

सर, होईल, आणि खूप होईल. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींचे मराठी अवतार स्वयंसेवकांच्या हातभाराने झालेले आहेत आणि त्यांतल्या वाक्यांवर हात फिरवायला मराठी जाणणारी माणसं कायम कमी पडतात. हे काम ब्राउझरमध्येच होतं. लिबरऑफिससाठी वेबलेट, मोझिलासाठी पाँटून. खातं उघडलं की पर्याय सुचवता येतात. मोझिलाच्याच कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे. तिथे दिलेली वाक्यं मोठ्याने वाचून आवाज द्यायचा, किंवा दुसऱ्यांचं वाचन बरोबर आहे का ते ऐकून सांगायचं. तिथे मालवणी वळणाचे आणि साठीपुढचे आवाज हवेतच. यंत्राला फक्त पुण्यामुंबईच्या तरुणांची मराठी कळून कसं चालेल?

पण तुमच्याकडून मला सर्वांत जास्त हवी आहे ती तुमची नजर. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकून बघा. दुसऱ्यातला र नीट उमटतो का? पीडीएफ केल्यावर टिकतो का? तो शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर तसाच राहतो का? हा र संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की कधी एक सापडतो आणि दुसरा नाही. हे कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाच्या लक्षात येणं अवघड आहे. तुम्हाला पहिल्या मिनिटात खटकेल.

खटकलं की कळवा. सॉफ्टवेअरचं नाव, ‘अबाउट’मध्ये दिसणारी आवृत्ती, विंडोज की लिनक्स, कोणता फाँट, काय टंकलं, काय दिसलं आणि स्क्रीनचा फोटो, एवढं पुरतं. एका तक्रारीत एकच चूक घाला, म्हणजे ती दुरुस्त करणाऱ्याला बंद करता येते. इंग्रजीत लिहायचा संकोच वाटला तर गावातल्या एखाद्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला सोबत घ्या. चूक शोधून तुम्ही द्या, इश्यू तो उघडेल.